मेझरचा पूर्ण मजकूर वाच

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा जेवायला आलास तेव्हा टपालाने आलेली मतपत्रिका तू ओट्यावर पसरलीस. बाकीचे गोल भरलेले होते. गांजाच्या दुकानांवरील कराच्या मेझरपुढचे, म्हणजे शहराने मतदानाला ठेवलेल्या ठरावापुढचे, दोन तेवढे कोरे. ‘हो’ म्हटले तर गांजाला मान्यता दिल्यासारखे होते आणि ‘नाही’ म्हटले तर विकणाऱ्यांना सूट दिल्यासारखे, असे तू म्हणालास. मी गप्प राहिले, कारण याच कोंडीत मी एकदा चुकले आहे.

मान्यतेचा प्रश्न कॅलिफोर्नियाने नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रपोझिशन ६४ ने, म्हणजे राज्यभरच्या मतदारांपुढे ठेवलेल्या ठरावाने, निकालात काढला. तुझ्यापुढे आहे तो केवळ कराचा ठराव, आणि ठरावावर मत द्यायचे तर तो आधी वाचावा लागतो. मतपत्रिकेवरचे ते पंचाहत्तर शब्द पुरेसे नाहीत. मतदार पुस्तिकेत बारीक अक्षरांत छापलेला पूर्ण मजकूर वाच.

२०१० साली आमच्या सॅन होजेत मेझर यू आले, तेव्हा दुकाने वैद्यकीय गांजाचीच होती. मला त्यांचा राग होता. त्या भरात मी ‘हो’ केले आणि ओळखीच्या मराठी घरांत फोन करून सांगितले, की हा पैसा व्यसनमुक्तीला जाणार आहे. तसे कुठेही लिहिलेले नव्हते. तो सर्वसाधारण कर होता. पैसा शहराच्या सामान्य निधीत जाणार आणि तो कशावर खर्चायचा हे दर वर्षी कौन्सिल, म्हणजे निवडून आलेली नगरपरिषद, ठरवणार. प्रपोझिशन २१८ या राज्याच्या जुन्या ठरावाच्या नियमाने, कौन्सिलने मतदानाला ठेवलेला कर विशिष्ट कामासाठी राखून ठेवायचा तर दोन तृतीयांश मते लागतात. सर्वसाधारण कराला साधे बहुमत पुरते. म्हणून मजकुरात पोलीस, अग्निशमन, रस्ते ‘यांसारख्या’ सेवा असे लिहितात. त्या ‘यांसारख्या’वर बोट ठेव. मी ठेवले नाही. दोन वर्षांनी एका मैत्रिणीने, जिचा मुलगा तेव्हा उपचार घेत होता, मला फोन करून विचारले, की तू म्हणाली होतीस ती मदत मिळवायला कुठे जायचे? माझ्यापाशी उत्तर नव्हते. ती शांतता मी आजही विसरलेले नाही.

‘पर्यंत’ हा दुसरा शब्द. मेझर यूमध्ये १० टक्क्यांपर्यंत असे होते. कौन्सिलने सातपासून सुरुवात करून दहा गाठले आणि त्यासाठी पुन्हा मतदान घ्यावे लागले नाही. आणि हे दहा टक्के नफ्यावर नव्हेत, एकूण विक्रीवर. दुकान तोट्यात असले तरी भरायचेच. उत्तर कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, २०१६ च्या मेझर एसमध्ये लागवडीच्या चौरस फुटांवर कर बसवला. पुढे गांजाचे भाव कोसळले, चौरस फूट तेवढेच राहिले, आणि शेवटी काउंटीलाच कर कमी करावा लागला. कर कशावर बसतो, ते मजकुरातच असते.

गिऱ्हाइकाची पावतीही मांडून पाहा. शंभर डॉलरच्या मालावर दुकानाने शहराचा दहा टक्के कर लावला की झाले ११०. राज्याचा गांजावरचा १५ टक्के कर या ११० वर, म्हणजे १२६.५०, त्यावर नऊ टक्क्यांहून अधिक विक्रीकर, म्हणजे १३७ च्या वर. एवढ्या फरकाने किती गिऱ्हाइके परवाना नसलेल्या विक्रेत्याकडे वळतील, याचा विचार ‘हो’ म्हणणाऱ्यानेही करायला हवा.

वेळ नाही, हे मला सांगू नकोस. नवा फोन घेताना तू तीन आठवडे तुलना करत होतास. लोक मला हट्टी म्हणतात, म्हणोत. मी कराच्या विरोधात नाही, मेझर यू पुन्हा आले तर मी पुन्हा ‘हो’च म्हणेन, पण या वेळी कुणाला काय सांगते आहे, ते मला ठाऊक असेल.

रविवारी पुस्तिका घेऊन ये. कमाल दर, तो कशावर, बदलण्याचा अधिकार कुणाला आणि मुदत किती, एवढे पेन्सिलीने अधोरेखित करून आण. बहुधा तिथे ‘मतदार रद्द करीपर्यंत’ असे सापडेल. तिथे जरा थांब. तुझे मत काय ते मी विचारणार नाही. मतपत्रिकेवर निवडणुकीच्या दिवसापर्यंतचा टपालाचा शिक्का लागतो, तेव्हा भात जेवून झाला की आपण दोघे चालत जाऊन ती टपालपेटीत टाकू.

तुझी,
काकू