डिकीत दोन १२ इंची सबवूफर आहेत, स्विफ्ट खाली बसवायची आहे. लोअरिंग स्प्रिंग घेऊ, कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच) घेऊ की मिस्त्री म्हणतो तसं कॉइल कापू?

कापू नका. प्रश्नातला तो 'मिस्त्री म्हणतो' वाचला आणि ताटावरून उठून लिहायला बसलो.

माझीही स्विफ्टच, जुनी. डिकीत १८ मिमी एमडीएफचा बॉक्स, दोन वूफर, ॲम्प, जास्तीची बॅटरी. आमचे दाजी गाड्यांतले जाणकार, म्हणजे ते स्वतः तसं म्हणतात. त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रीने मागच्या दोन्ही स्प्रिंगांचं एकेक कडं कटरने उडवलं. आठवडाभर मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू. सात रस्त्याला पोरं वळून बघायची.

मग एका गुरुवारी अक्कलकोटला निघालो. आई, अक्का, दाजी, मी. वळसंगच्या पुढे मागचं चाक पंक्चर. स्टेपनी कुठे? बॉक्सच्या खाली. मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन, सांगायला नको. वायरी सोडवल्या, दोघांनी मिळून बॉक्स बाभळीखाली नेऊन ठेवला, आणि आई त्याच्यावरच बसून भाजलेल्या शेंगा सोलायला लागली. जॅक वर घेतला, चाक लोंबलं, आणि आतली स्प्रिंग निसटून दाजींच्या चपलेपाशी येऊन पडली. नट नाही, बोल्ट नाही, हात लावायचीसुद्धा गरज पडली नाही! कंपनीची स्प्रिंग चाक पूर्ण लोंबलं तरी थोडी दाबलेली राहते, म्हणून जागा सोडत नाही. कापलेली आखूड पडते, शिवाय तिचं कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही.

दाजींचं पालुपद आजही एकच, "बॉक्सच्या वजनाने झालं." दर सणाला हा विषय निघतो. शेवटी मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत वजनकाट्यावर गेलो. फक्त मागची चाकं काट्यावर घेतली, एकदा सामानासकट, एकदा काढून. फरक ११० किलो. सामान चाकांच्या मागे असतं, त्यामुळे स्वतःच्या वजनाहून थोडा जास्तच भार मागे टाकतं, तो धरून हा आकडा. म्हणजे दीड माणूस. पाच माणसांची गाडी दीड माणसाने मोडते का हो? सहा मोकळ्या कड्यांतलं एक कापलं की स्प्रिंग जेमतेम २० टक्के कडक होते, पण दबायला जागा मात्र उरत नाही. मग प्रत्येक गतिरोधकाला बंप स्टॉपवर, म्हणजे स्प्रिंग पुरती दबली की आड येणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, ठोका.

आता तुमचं. ११० किलो म्हणजे एका स्प्रिंगवर ५५. समजा १ मिमी दबायला २.५ किलो लागतात, तर मागची बाजू २२ मिमी आधीच बसलीय. त्यावर ३५ मिमीची लोअरिंग स्प्रिंग टाकली की जुन्या स्विफ्टच्या पोटाखालच्या १७० मिमी मोकळ्या जागेतले (ग्राउंड क्लिअरन्स) ५७ गेले, उरले ११३, तेही मागे कुणी बसायच्या आधी. नियमाने गतिरोधक १० सेंमी उंच असतो. जुळे सोलापुरात कुणी घमेल्याने ओतलेले असतात ते वेगळे.

म्हणून मागे लोअरिंग स्प्रिंग घेऊच नका. मागे मूळ उंचीची पण कडक स्प्रिंग टाका, पुढे हवी तर २५ मिमीची लोअरिंग. पैसे असतील तर कॉइलओव्हर, पण मागच्या स्प्रिंगचा रेट, म्हणजे कडकपणा, आपल्या सामानाचं वजन सांगून मागवा. उंचीची रिंग फिरवून स्प्रिंग कडक होत नाही, हे विकणारा सांगणार नाही. शॉकअपही बदला. जुना शॉकअप कडक स्प्रिंगला आवरत नाही, गाडी उड्या मारत राहते. कड्यांत घालायचे रबरी बफर? दाजींना आवडतात, एवढंच सांगतो.

हां, पुढचं अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत नंतर सेट करून घ्या. आणि हे आधी सांगायला हवं होतं: परवानगीशिवाय गाडीत फेरफार केले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आरटीओत आधी विचारा.

त्या दिवशी गाडीत आम्ही चौघं होतो आणि दाजी एकटेच नव्वद किलोचे, हेही खरं. पण स्प्रिंग पडली तेव्हा गाडी जॅकवर होती, बॉक्स बाभळीखाली होता, आणि त्याच्यावर आई बसली होती.