पहिली स्टेज असूनही रेडिएशन कशासाठी? एंडोमेट्रियल कॅन्सर उलटण्याचा धोका कशावरून ठरतो?

आपल्या आईंच्या एंडोमेट्रियल, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराच्या, कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये ‘एंडोमेट्रिऑइड कार्सिनोमा, ग्रेड २, स्नायूच्या थरात निम्म्यापेक्षा कमी शिरकाव, लसिका ग्रंथींत कॅन्सर नाही, एलव्हीएसआय सब्स्टॅन्शिअल’ असे लिहिले आहे. सर्जनांनी स्टेज पहिलीच असल्याचे सांगितले आणि तरीही रेडिएशन सुचवले, तेव्हा गाठ पूर्ण निघाली असताना ते कशासाठी, असा आपला प्रश्न आहे. मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि शस्त्रक्रियेत काढलेली गर्भाशये तपासून असे रिपोर्ट लिहिणे हे माझे रोजचे काम आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी त्या शेवटच्या नोंदीत असल्यामुळे तिथूनच सुरुवात करते.

एलव्हीएसआय म्हणजे गाठीच्या पेशी आजूबाजूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत शिरलेल्या आढळणे. सूक्ष्मदर्शकाखाली गाठीच्या कडेपलीकडच्या स्नायूत चपट्या पेशींचे पातळ अस्तर असलेली एक पोकळी दिसते आणि तिच्यात कॅन्सरच्या पेशींचा पुंजका असतो. मात्र असे दृश्य दिसले की लगेच नोंद करता येत नाही, कारण फॉर्मॅलिनमध्ये ऊतक आकसते तेव्हाही पेशींच्या पुंजक्याभोवती रिकामी फट पडते आणि ती हुबेहूब वाहिनीसारखी भासते. शंका आली तर वाहिनीचे अस्तर रंगवणारी वेगळी तपासणी करावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात ५ किंवा अधिक वाहिन्यांत शिरकाव असेल तर तो ‘सब्स्टॅन्शिअल’, म्हणजे लक्षणीय, मानला आहे. एखाद्या वाहिनीत दिसलेला पुंजका आणि हा प्रकार यांचे वजन सारखे नाही.

पोर्टेक-१ आणि पोर्टेक-२ या, शस्त्रक्रियेनंतरच्या रेडिएशनवरील अभ्यासांतील नमुने पुन्हा तपासले गेले तेव्हा सब्स्टॅन्शिअल शिरकाव असलेल्या रुग्णांत ५ वर्षांत ओटीपोटातील ग्रंथींच्या भागात आजार उलटण्याचे प्रमाण सुमारे १५ टक्के, तर शिरकाव नसलेल्यांत २ टक्क्यांहून कमी आढळले. त्या अभ्यासांत ग्रंथी सरसकट काढलेल्या नव्हत्या. आपल्या आईंच्या ग्रंथी तपासून निर्दोष ठरल्या आहेत, म्हणून हा आकडा त्यांना जसाच्या तसा लावू नये. तरीही धोक्याची दिशा तीच राहते आणि रेडिएशनचा सल्ला मला सुसंगत वाटतो. ते फक्त योनीमार्गातून द्यायचे (ब्रेकीथेरपी) की संपूर्ण ओटीपोटाला बाहेरून, हे मात्र डॉक्टरांना अवश्य विचारा, कारण या विशिष्ट धोक्यावर बाहेरून दिलेले रेडिएशन अधिक परिणामकारक ठरल्याचे त्याच विश्लेषणात दिसले होते.

स्टेजबद्दलचा गोंधळही इथेच सुटतो. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २००९ च्या स्टेज ठरवण्याच्या पद्धतीत ही गाठ १ए ठरते. २०२३ च्या पद्धतीत सब्स्टॅन्शिअल एलव्हीएसआय विचारात घेतल्यामुळे तीच गाठ २बी होते. आजार वाढलेला नाही, मोजण्याची रीत बदलली आहे.

ग्रेड (गाठीची रचना सामान्य ऊतकापेक्षा किती वेगळी दिसते ते), शिरकावाची खोली, गाठीचा आकार आणि वयाची साठी ओलांडलेली असणे यांनीही धोका कमी-जास्त होतो. सीरस किंवा क्लिअर सेल हा अधिक आक्रमक प्रकार असता तर चर्चा अगदी वेगळी झाली असती.

आपल्या मजकुरात मला एक गोष्ट कुठेच दिसली नाही, ती म्हणजे गाठीचा मॉलिक्युलर गट. २०१३ मध्ये या कॅन्सरचे जनुकीय बदलांवरून चार गट पाडले गेले आणि तेव्हापासून सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या दोन गाठींचे भवितव्य किती वेगळे असू शकते हे स्पष्ट झाले. पोर्टेक-३ या त्याच मालिकेतील पुढच्या अभ्यासातील अधिक जोखमीच्या रुग्णांत, सर्वांना रेडिएशन आणि काहींना सोबत केमो दिल्यानंतर, ५ वर्षे आजार न उलटलेल्यांचे प्रमाण पोल जनुकात बदल असलेल्या गटात ९८ टक्के, तर पी५३ हे गाठींना आवर घालणारे जनुक बिघडलेल्या गटात ४८ टक्के होते. उरलेले दोन गट सत्तरीच्या आसपास होते. पी५३ गटात केमोची भर घातल्याने स्पष्ट फायदा झाला. म्हणजे उपचार वाढवायचे की आटोपते घ्यायचे, हे या तपासणीवरून बदलू शकते, आणि म्हणूनच रेडिएशन सुरू होण्याआधी तिचा निकाल हाती असावा असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी आईंना पुन्हा काहीही सोसावे लागणार नाही. गाठीचे तुकडे मेणाच्या ब्लॉकमध्ये जतन केलेले असतात आणि पी५३, एमएमआर व पोल या तपासण्या त्यांवरच होतात. एमएमआर, म्हणजे डीएनएमधील चुका दुरुस्त करणाऱ्या, प्रथिनांपैकी एखादे नसल्याचे आढळले आणि त्यामागे एमएलएच१ जनुकाचे मिथायलेशन (जनुक बंद पाडणारा, सहसा आनुवंशिक नसलेला रासायनिक बदल) नसेल, तर लिंच सिंड्रोम या जनुकीय दोषासाठी आईंची रक्ततपासणी करावी लागते, कारण तो दोष आनुवंशिक असतो आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोकाही वाढवतो. त्यांच्यात तो आढळल्यास आपली व भावंडांचीही तपासणी करून घ्यावी.

हा आजार उलटलाच तर बहुतेकदा पहिल्या तीन वर्षांत उलटतो. या काळात योनीतून थोडाही रक्तस्राव झाला, ओटीपोटात नवे दुखणे सुरू झाले किंवा एका पायावर सूज आली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.