विज्ञान प्रकल्पासाठी स्वतःच्या आवडीचा विषय घेतला तर मार्क कमी पडतात का?

पडू शकतात. माझे पडले. तरीही आवडीचाच विषय घे.

मी आता बारावीत आहे, ही गोष्ट नववीतली. मला आकाश बघायचं वेड होतं. वर्गात बऱ्याच जणांनी ज्वालामुखी केला: मातीचा डोंगर, पोटात खायचा सोडा, वरून व्हिनेगर, फेस आला की टाळ्या. खरा ज्वालामुखी वितळलेल्या खडकात कोंडलेल्या वायूंमुळे उसळतो, सोड्याशी त्याचा काही संबंध नाही. पण ते कुणी विचारलं नाही.

मी चंद्रोदयाच्या वेळा टिपल्या. सप्टेंबर ते डिसेंबर, दर पौर्णिमेनंतरचे पाच दिवस. गच्चीत एका जागी खडूने पावलं आखून ठेवली होती. तिथे उभं राहायचं, समोरच्या भिंतीवर चंद्राची कड दिसली की घड्याळ बघायचं. पुस्तकात होतं की चंद्र रोज ५० मिनिटं उशिरा उगवतो. माझे सप्टेंबरचे फरक आले ४१, ४०, ४२, ४३. डिसेंबरचे ५५ च्या वर.

सर म्हणाले, "पुस्तकात ५० आहे. तुझं चुकलंय, दुरुस्त करून आण."

मी दुरुस्त केलं. घरी बसून खोडरबराने एकेक आकडा पुसला आणि ४९, ५०, ५१ असे लिहिले. एका चौकटीत कागद इतका झिजला की नव्या ५० खालून जुना ४१ दिसत राहिला. ती वही माझ्याकडे अजून आहे. मार्क तरी कमीच मिळाले, कारण "मॉडेल नाही".

अकरावीत समजलं की माझे आकडे बरोबर होते. ५० ही सरासरी आहे. चंद्र ताऱ्यांच्या तुलनेत रोज साधारण १३ अंश पूर्वेला सरकतो, म्हणून तो दिसायला पृथ्वीला तेवढं जास्त फिरावं लागतं. पण त्याचा मार्ग क्षितिजाशी नेहमी सारखाच कोन करत नाही. उत्तर गोलार्धात सप्टेंबरच्या पौर्णिमेच्या सुमारास तो उगवताना जास्त आडवा असतो, त्यामुळे उशीर कमी होतो. शिवाय कक्षा लंबवर्तुळाकार, म्हणून वेगही कमीजास्त होतो. हे सगळं माझ्या वहीत होतं आणि मी ते पुसून टाकलं. चुकीचं निरीक्षण आणि पुस्तकाशी न जुळणारं निरीक्षण यांत फरक असतो, आणि तो शिकवणं हे शिक्षकांचं काम आहे. हे मी आजही सरांसमोर म्हणेन.

माझ्या पद्धतीत एक चूक होती, तीही सांगते. चंद्र रोज वेगळ्या ठिकाणी उगवतो, भिंतीची उंची सगळीकडे सारखी नव्हती. त्याने काही मिनिटं इकडेतिकडे झाली असतील, पंधरा नाही. सरांनी हे विचारलं असतं तर मी मान्य केलं असतं. मी कुठे उभी होते एवढंही त्यांनी विचारलं नाही.

तर, नोंदी पेनाने लिही. कुणी दुरुस्त करायला सांगितलं तर जुना आकडा तसाच ठेवून शेजारी दुसरा लिही.

आणि हो, प्रकल्प आठवड्याभरात द्यायचा असेल तर चंद्र घेऊ नकोस. लंबक घे. २५ सेंटिमीटर दोरीचा एक झोका (जाऊन परत येईपर्यंत) साधारण १ सेकंदाचा, १ मीटरचा २ सेकंदांचा. एका संध्याकाळी मोजून होतं.