पोटातलं पाणी नेमकं कशामुळे होतंय, ते आधी विचारा

ताई, आईंना मोठ्या आतड्याचा कर्करोग, आता दोन्ही अंडाशयांत गाठी. केमोने यकृतातले डाग कमी झाले, तरी पोटात पाणी भरतच आहे, हे कसं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या बहिणीचं थोडंफार असंच होतं.

आतड्याच्या कर्करोगात हे बऱ्याचदा दिसतं: इतर ठिकाणच्या गाठी केमोला दाद देतात, अंडाशयातल्या देत नाहीत, उलट भराभर वाढतात. म्हणजे केमो वाया गेली असं नाही. पण अंडाशयं काढता येतील का, हे कॅन्सर सर्जनला स्पष्ट विचारा. पाणी मुख्यतः त्या गाठींमुळे होत असेल, तर त्या काढल्यावर ते पुष्कळ कमी होतं, कधी थांबतंही. पोटाच्या आतल्या पडद्यावर सगळीकडे कर्करोगाच्या पेशी पसरल्या असतील तर तेवढा फरक पडेलच असं नाही. आईंची ताकद किती आहे, हेही पाहावं लागतं. केमोसोबत बेव्हॅसिझुमॅब (गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या रोखणारं औषध) चालू असेल तर ऑपरेशनआधी ते किमान २८ दिवस बंद ठेवतात. तारीख ठरवताना आठवण करून द्या.

काढलेलं पाणी तपासायला गेलं का? पेशींची तपासणी तर हवीच, शिवाय रक्तातलं आणि पाण्यातलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) हेही मोजायला सांगा. दोन्हींतला फरक १.१ ग्रॅम/डेसिलिटर किंवा जास्त आला, तर यकृताच्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढल्याची शंका येते. तिथे लघवीच्या गोळ्या उपयोगी पडू शकतात. पडद्यावरच्या आजारात त्यांचा फारसा गुण येत नाही. सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरसाठी करतात ती रक्तातली तपासणी) वाढलेलं पाहून ‘अंडाशयाचा वेगळा कॅन्सर’ असं धरून चालू नका. पोटात पाणी झालं की तो आकडा तसाही वाढतो.

आणि कृपा करून आईंचं पाणी पिणं तोडू नका. नातेवाईक हमखास सांगतात, पण त्याने हे पाणी आटत नाही, तहान आणि थकवा मात्र वाढतो.

पुन्हा पुन्हा टॅपिंग (सुईने पोटातलं पाणी काढणं) करावं लागत असेल तर पोटात कायमची नळी बसवता येते, मग घरीच थोडं थोडं काढता येतं. जंतुसंसर्गाचा धोका राहतो. ताप, पोट दुखणं, गढूळ पाणी यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. उलट्या होऊन शौच आणि वायू दोन्ही बंद झाले तर थेट इमर्जन्सीत न्या, आतडं अडलेलं असू शकतं.