मुलाने माध्यान्ह आहाराची थट्टा इन्स्टाग्रामवर टाकली, तर शाळा त्याचा फोन तपासून दाखला काढायची धमकी देऊ शकते का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: मुलगा आठवीत, शाळा अनुदानित. पातळ रश्शात तरंगणाऱ्या दोन वाटाण्यांचा फोटो, खाली 'आजची भाजी, दुर्बीण आणा', आणि हे त्याने घरून टाकलेलं. शाळेने 'सायबर कायदा' आणि 'प्रायव्हसी'चं नाव घेऊन लेखी माफीनामा मागितला, फोन उघडायला लावून चॅट वाचले, वर दाखला हातात देण्याची भाषा केली. मी स्वतः गोव्यात फोंडा तालुक्यात हायस्कूलला शिकवतो, म्हणजे टेबलाच्या पलीकडचा माणूस. तरी सांगतो, यात शाळेचं चुकलं.

वाटाण्याला प्रायव्हसी नसते. फोटोत वाढणाऱ्या बाईचा किंवा वर्गातल्या दुसऱ्या मुलाचा चेहरा असता, तर मीच पोस्ट काढायला सांगितलं असतं. आणि थट्टा भाजीची नसून एखाद्या मुलाची असती, तर गोष्ट खरंच गंभीर होती. आपल्याकडे २००३ चा गोवा बाल कायदा आहे, त्यात मुलाची अप्रतिष्ठा करणारे शब्दही बाल अत्याचारात मोडतात.

'सायबर कायदा' म्हणून बहुतेक वेळा ज्याची भीती घातली जाते ते आयटी कायद्याचं ६६अ कलम (ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराला शिक्षा देणारं) सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच रद्द केलं. याचिका श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीची होती. त्याआधी २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, ते तुम्हाला आठवत असेल. शाळकरी मुलांना अभिव्यक्तीचा हक्क नसतो, असंही कोणी म्हणू नये. राष्ट्रगीत न म्हणता नुसती उभी राहिलेली केरळची तीन मुलं शाळेने काढली होती, त्यांना १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. (अमेरिकेतल्या निकालांचे फॉरवर्ड मात्र मुख्याध्यापकांना पाठवू नका, ते इथे चालत नाहीत.)

फोनचं म्हणाल तर शाळेत आणायला बंदी असेल आणि मुलाने आणला, तर तो काढून घेऊन पालकांच्या हाती द्यावा, इथपर्यंत ठीक. चॅट वाचणं हा वेगळा मामला आहे. खाजगीपणा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये सांगितलंय, आणि त्या चॅटमध्ये इतर मुलांचंही बोलणं असतं.

आता खरी प्रायव्हसी बघायची तर शाळेचं फेसबुक पान उघडा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदींना त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे. आणि पानावर काय दिसतं? स्नेहसंमेलन, दहावीचा निकाल, मुलाचा चेहरा, पूर्ण नाव, टक्के, सगळं. आमच्याकडेही तेच. स्टाफ मिटिंगात विषय काढला, तर 'सर, पट घसरतोय, जाहिरात नको काय?' हे उत्तर.

दाखल्याला घाबरू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या १६ व्या कलमाने आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला काढता येत नाही, १७ व्या कलमाने मानसिक छळही करता येत नाही. फक्त शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालामुळे हा कायदा तिला लागत नाही, तेवढं आधी बघा.

माफीनाम्यावर सही झाली नसेल तर करू नका. मुख्याध्यापकांना साधं पत्र द्या: कोणत्या नियमाखाली फोन उघडला, आणि मुलाचे फोटो पानावर टाकायला माझी संमती कधी घेतली? पोच घ्या. उत्तर आलं नाही तर शिक्षण खात्याचे भागशिक्षणाधिकारी, मग पणजीतला बालहक्क आयोग. आणि भाजी खरोखर तशी असेल, तर तेही त्याच पत्रात लिहा.