बाटलीभर पाण्यावरून मासे कसे ओळखतात?

प्रश्न : ताई, मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे, झूलॉजी. आमचे सर म्हणाले की समुद्राचं पाणी बाटलीत भरून त्यातला डीएनए वाचला तं तिथे कोणकोणते मासे आहेत ते समजते, जाळं टाकायचं कामच नाही. माझे बाबा मामा (माजी मालगुजारी) तलावात मासेमारी करतात, त्यांना हे पटत नाही. खरं काय? आन् आपल्या तलावात काहून नाही करत कोणी?
— एक वाचक, ता. लाखांदूर, जि. भंडारा

उत्तर : सरांचं खरं आहे भाऊ. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर, विष्ठा, सुटलेल्या पेशी हे सगळं पाण्यात मिसळत राहतं अन् त्यात त्याचा डीएनए असतो. लिटर-दोन लिटर पाणी एकदम बारीक फिल्टरमधून गाळायचं, फिल्टरवर अडकलेला डीएनए काढायचा, पीसीआरनं त्यातल्या ठरावीक तुकड्याच्या ढीगभर कॉप्या करायच्या आणि सिक्वेन्सरवर, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणाऱ्या मशीनवर, वाचायच्या. समुद्रात हा डीएनए फार तर काही दिवस टिकतो, म्हणून जे सापडतं ते बरंचसं ताजं असतं.

पण खरी मेख पुढे आहे. मशीन फक्त अक्षरं देते, नाव देत नाही. नाव पाहिजे तर तोच मासा आधी कोणीतरी हातात धरून, पंखांचे काटे मोजून ओळखलेला आणि त्याचा डीएनए नोंदवलेला लागतो. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये हेच मांडलं, की सीओआय जीनचा साधारण साडेसहाशे अक्षरांचा तुकडा सगळ्या प्राण्यांसाठी बारकोड, म्हणजे ओळखीची खूण, म्हणून वापरा. तेव्हापासून नोंदी वाढतायत, पण समुद्रातले कितीतरी किडे, गोगलगायी, स्पंज अजून त्या यादीत नाहीत, त्यांचा डीएनए सापडतो आणि बिनानावाचाच राहतो. म्हणून मला वाटतं मासे ओळखणारी माणसं कमी झाली तर मशीन कितीही भारी आणा, उपयोग नाही.

बाबांची शंकाही बिनबुडाची नाही. मासे किती, केवढे, जिवंत की मेलेले, हे पाण्यावरून नीट सांगता येत नाही, त्याला जाळंच लागतं. शिवाय बंदरावर मासे धुतलेलं पाणी मिसळलं तरी रिझल्टमध्ये भलतंच नाव येऊ शकतं.

तलावात ही पद्धत चालते, गोड्या पाण्यात तर आधीपासून वापरतात. पण वर सांगितलं तसं नाव द्यायला आधीची नोंद लागते, म्हणून तू सुरुवात नोंदीपासून कर. बाबांच्या जाळ्यात मरळ, वाम, जे काही येईल त्याचा फोटो काढ, बाबा म्हणतात ते नाव, तलाव, तारीख लिही अन् पंखाचा छोटा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेव, ते कॉलेजच्या लॅबमध्ये मिळेल. फॉर्मॅलिनमध्ये मात्र टाकू नको, त्यानं डीएनए खराब होतो.