सगळ्यांचं ठरलंय, माझंच नाही

कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या मुली पुढे काय करायचं हे विचारायला माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकींचं म्हणणं एकच असतं : "मॅडम, मला काय आवडतं तेच मला कळत नाही."

सातारा जिल्ह्यातली टीवायबीएची एक मुलगी अशीच आली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दहावीला बोर्डाने घेतलेल्या कल चाचणीत तिचा कल 'गणवेशधारी सेवा' निघाला होता. तेवढ्यावर वडिलांनी पीएसआय ठरवून टाकलं होतं. तिला पोलिसात जायचं नव्हतं, पण 'मग काय?' याला तिच्याकडे उत्तरही नव्हतं.

मी आणखी एक चाचणी घेतली नाही. घर, एसटी आणि वर्ग एवढंच पाहिलेल्या मुलीला आवड विचारणं म्हणजे न चाखलेल्या भाज्यांतली आवडती निवडायला लावणं. मी विचारलं, "कुठलं काम करताना तुला वेळेचं भान राहिलं नाही?" बऱ्याच वेळाने एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) सात दिवसांचं शिबिर निघालं.

तिथे तिने गटप्रमुख व्हायला नकार दिला होता, कारण समारोपाला भाषण करावं लागतं. पण शिधा पुरणार नाही हे दुसऱ्याच दिवशी ओळखून यादी बदलली होती तिनेच. हिमोग्लोबिन तपासणीला बायका फिरकेनात, तेव्हा "दुपारी कोण येईल, सगळ्या रानात असतात" म्हणत तपासणी संध्याकाळवर ढकलायला लावलीही तिनेच.

"मग शिबिर चालवलं कुणी?"

"गटप्रमुखानं. तिचं भाषण मस्त झालं, मॅडम."

इथे माझा नेहमीचा राग. नेतृत्व विकास म्हटलं की कॉलेजं मुलीच्या हातात माईक देतात. एनएसएसचे वर्षाला 120 तास भरायचे असतात. त्यानंतर तिला जवळ बसवून 'यातलं तुला काय जमलं गं?' असं क्वचितच कुणी विचारतं.

मग तिला एका माजी विद्यार्थिनीशी जोडून दिलं. ती बालविकास प्रकल्पात पर्यवेक्षिका आहे, तिच्या हाताखाली बऱ्याच अंगणवाड्या. मार्गदर्शक म्हणून येणाऱ्या प्रत्येकीला मी सांगते, यशोगाथा नको, तुमचा कंटाळवाणा दिवस दाखवा. तिने तो दाखवला : पोषण ट्रॅकर या ॲपमधल्या नोंदी, रेंज नसलेला मोबाइल, सेविकांची मासिक बैठक.

मुलगी परत आली ती म्हणत, "नोंदींनी डोकं उठलं. पण दोन सेविकांचं जुनं भांडण ताईंनी कसं मिटवलं ते बघण्यासारखं होतं. मी असते तर आधी मदतनीसांना विचारलं असतं." हे शेवटचं वाक्य मी लिहून ठेवलं. नुसतं बघणं संपून ती त्या कामात शिरली होती. पुढे तिने एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्यातल्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीची, माहिती स्वतःच काढली.

वडिलांना भेटले. त्यांचा प्रश्न सरळ होता, "समाजसेवेला पगार कोण देतं?" प्रश्न रास्तच आहे, आणि काही संस्थांमधलं मानधन फारच तुटपुंजं असतं हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही. मात्र सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकाचं पद असतं, त्याला हीच पदवी लागते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पर्यवेक्षिकेची भरतीही परीक्षेतूनच होते, हे ऐकून ते जरा सैलावले.

"दोन वर्षं कर," ते लेकीला म्हणाले, "पण पीएसआयचा फॉर्म भरायचाच." तिने दोन्हीला हो म्हटलं. मी मध्ये पडले नाही. त्या परीक्षेचं तिचं वय दोन वर्षांत निघून जाणार नव्हतं, आणि वडिलांशी हा सौदा तिने स्वतः केला होता.